पडत राहणाऱ्या माणसाचे चित्र

शाळेच्या भिंतीवर माझे नाव लिहिले गेले, तेव्हा मला कोणी विचारले नव्हते. विचारले असते तर मी नाही म्हणालो असतो. म्हणूनच विचारले नसावे. नावाला माझी हरकत होती, पण ती मी गिळली असती. नावाच्या बरोबर वर एक वाक्य होते, आणि ते वाक्य खोटे होते. ते गिळणे मला शक्य नव्हते. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर त्या भिंतीवरचा पडदा सरकायचा होता. त्याआधी वाक्य जायला हवे होते किंवा नाव. दोन्ही एकत्र राहणार नाहीत, एवढे मी ठरवले होते.

पारनेर तालुक्यातल्या बहुतेक जिल्हा परिषद शाळांना आता बोलक्या भिंती आहेत. मुले येता-जाता वाचतील या हेतूने भिंतीवर पाढे, जिल्ह्याचा नकाशा, ऋतू, सूर्यमाला रंगवलेली असते. हेतू चांगला आहे. पुस्तक मिटते, भिंत मिटत नाही. मात्र याच कारणाने भिंतीवरची चूकही मिटत नाही. पुस्तकातली चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होते. भिंतीवरची चूक रंग उडेपर्यंत रोज सकाळी प्रार्थनेच्या वेळी मुलांसमोर उभी राहते.

मी याच शाळेत विज्ञान शिकवले आणि इथूनच निवृत्त झालो. गेल्या वर्षी आपला एक माणूस पृथ्वीभोवती फिरणाऱ्या स्थानकावर राहून आला. गावात घराघरांत ते दूरदर्शनवर पाहिले गेले. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या मनात आले, की शाळेच्या दर्शनी भिंतीवर अंतराळवीराचे चित्र काढावे आणि खाली विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींचे नाव घालावे. पुढाकार घेतला तो शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाने. तोही माझाच विद्यार्थी. आता त्याच्या खडी-वाळूच्या गाड्या चालतात, अंगावर कायम कडक पांढरा शर्ट असतो आणि शब्द मोडलेला त्याला चालत नाही.

मी भिंत पाहिली ती जानेवारीच्या एका सकाळी, काठी टेकत दळण आणायला निघालो असताना. चित्र उत्तम होते. निळी पृथ्वी, तिच्यावर कलंडलेले स्थानक, बाहेर पांढऱ्या पोशाखातला माणूस, हातपाय सैल सोडलेला. त्याच्याखाली ठळक अक्षरांत लिहिले होते: ‘अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते, म्हणून अंतराळवीर तरंगतात.’ आणि त्याखाली, तितक्याच ठळक अक्षरांत, मी.

पेंटर शिडीवर बसून नकाशातल्या नद्या रंगवत होता.

“हे वाक्य कोणी दिलं?” मी विचारले.

“कुनी दिलं न्हाई गुरुजी. माझ्याकडं हाय की.” त्याने खिशातून मोबाईल काढून दाखवला. त्यात भिंतींचे फोटो होते. एका शाळेची भिंत रंगवली की तो फोटो काढतो आणि पुढच्या शाळेत तो पाहून अक्षर न् अक्षर उतरवतो. “पारनेरपासून जामखेडपतुर समद्या शाळांत ह्येच लिवलंय. आजपतुर कुनी नाव ठेवलं न्हाई.”

“पहिल्या शाळेत कुठून घेतलंस?”

“ती भिंत आदल्या पेंटरची हुती. त्येचं बघून.”

“आणि त्याने?”

“त्येनं कुनाचं तरी बघूनच घेतलं आसंल.” त्याने ब्रश पुन्हा गोदावरीत बुडवला. “गुरुजी, चित्र कसं झालंय त्ये सांगा.”

चित्र चांगले झाले आहे, असे मी सांगितले. वाक्य खोडावे लागेल, असेही सांगितले. त्यावर तो हसला. गिरणी बंद व्हायच्या आत दळण आणायचे होते, म्हणून मी पुढे गेलो.

त्या संध्याकाळी अध्यक्ष आणि मुख्याध्यापिका माझ्या घरी आले. मुख्याध्यापिका दुसऱ्या तालुक्यातून बदलून आलेल्या, शांत स्वभावाच्या बाई आहेत. अध्यक्ष ओसरीवर बसता बसताच बोलू लागला.

“गुरुजी, पेंटर काय म्हनतोय? तुमी आमची भिंत नापास केली?”

“भिंत पास आहे. वाक्य नापास आहे.”

“बघा मॅडम, मी सांगितलं हुतं. सहावीत मला अर्धा मार्क कमी पडत हुता. अर्धा! बा येऊन पाया पडला, तरी दिला न्हाई ह्यांनी.”

“तुझं उत्तर चुकलं होतं.”

“आजून ध्यानात हाय व्हय तुमच्या?”

“तुझ्याही आहे.”

आतून माझ्या पत्नीने चहा आणला. ती म्हणाली, “यांच्याशी वाद घालू नका रे बाबांनो. मी आयुष्यभर घालतेय, एकदाही जिंकले नाही. चहा घ्या गरम.”

मुख्याध्यापिकांनी चहाचा कप हातात धरून सरळ प्रश्न विचारला. “सर, बातम्यांतसुद्धा शून्य गुरुत्वाकर्षण म्हणत होते. मुलं तेच ऐकून येतात. चूक नक्की कुठे आहे?”

मी सांगितले, ते असे. ते स्थानक जमिनीपासून सुमारे चारशे किलोमीटर उंचीवर फिरते. पृथ्वी ज्या जोराने इथे ओसरीवर आपल्याला ओढते, त्याच्या जवळजवळ नऊ-दशांश जोराने ती तिथेही ओढते. ओढ संपलेली नाही, थोडी उणावली आहे एवढेच. ओढ नसतीच, तर स्थानक पृथ्वीभोवती फिरलेच नसते. सरळ रेषेत निघून गेले असते आणि परत कधी दिसले नसते. चंद्राचेही तेच झाले असते. तो माणूस तरंगतो तो ओढ नाही म्हणून नव्हे. तो पडतो आहे, आणि त्याचे घरही त्याच्याबरोबर पडते आहे, म्हणून.

“पडतोय, तर मग खाली का येत न्हाई?” अध्यक्ष म्हणाला.

“ते उद्या सांगतो.”

“उद्या का? आत्ताच सांगा की.”

“तोंडी सांगितलेलं तू ऐकत नाहीस. दाखवावं लागेल.”

त्याने कप खाली ठेवला. “हे बघा गुरुजी, आमी तुमच्या मानासाठी करतोय. पोरांनी हौसेनं भिंत रंगवून घेतलीय. गट शिक्षण अधिकारी येनार हायेत, शाल-नारळ ठरलाय. तुमचं नाव भिंतीवरनं काढायचं न्हाई म्हंजे न्हाई. दाखवा तुमी काय दाखवायचं त्ये. माझ्या डोळ्यांला पटलं, तर मी सोता उभा राहून वाक्य बदलून घेतो. न्हाई पटलं, तर हाय त्ये वाक्य, हाय त्ये नाव, आन् तुमी मुकाट्यानं खुर्चीवर बसून शाल घ्यायची. कबूल?”

“कबूल,” मी म्हणालो.

ते गेल्यावर पत्नी म्हणाली, “काय दाखवणार आहात?”

“पडणं.”

“ते तुम्ही मागच्या वर्षी दाखवलंत. पुरे झालं.”

मागच्या वर्षी मी न्हाणीघरात घसरलो होतो. खुब्याचे हाड मोडले, नगरला शस्त्रक्रिया झाली, आत धातू बसवला गेला. तेव्हापासून मला भेटणारा प्रत्येक माणूस ‘पडू नका’ असे सांगतो. मुलगा पुण्याहून फोनवर सांगतो. डॉक्टर सांगतात. दळणाचा डबा काट्यावर ठेवता ठेवता गिरणीवाला सांगतो. पडणे हा जणू माझा नवा दुर्गुण आहे. या विषयावर माझे मत निराळे आहे आणि ते मी डॉक्टरांनाही ऐकवले होते. पडण्याने आजवर कोणालाही इजा झालेली नाही. पडत असताना शरीराला काहीच टोचत नाही, दाबत नाही, ओझे वाटत नाही. इजा होते ती पडणे थांबल्यामुळे. माझ्या बाबतीत ते न्हाणीघराच्या फरशीने थांबवले. फरशी नसती तर माझा खुबा आजही धड असता. डॉक्टरांनी मान हलवून गोळ्या लिहून दिल्या.

कक्षेत असणे म्हणजे फरशी न सापडणे. हे मला पुस्तकाने शिकवले खरे, पण पटले ते शेतात. आमचे गाव पठाराच्या कडेला आहे आणि कडेला आमचे थोडे शेत होते. ज्वारी हुरड्यात आली, की पाखरे उठवण्यासाठी चार खांबांवर माळा बांधायचा, त्यावर उभे राहायचे आणि गोफण फिरवायची. गोफणीतून सुटलेला खडा सुटल्या क्षणापासून खाली पडू लागतो. जोर कितीही लावा, त्याचे पडणे तसूभर कमी होत नाही. जोराने एवढेच होते, की पडता पडता तो अधिक लांब जातो. हलक्या हाताने सोडला तर बांधावर पडतो, जोराने सोडला तर शेजाऱ्याच्या हरभऱ्यात. कडेवरून सोडला, तर खालची जमीन उतरत गेल्यामुळे त्याला पडायला आणखी वाव मिळतो आणि तो ओढ्यापलीकडे जातो. हाताने सोडलेला आणि गोफणीने सोडलेला, दोन्ही खडे एकाच चालीने खाली येत असतात. वाटेत आडवे येते ती फक्त जमीन.

पुढचा हिशेब मी वर्गात फळ्यावर करून दाखवत असे. पृथ्वी गोल आहे. म्हणजे आपण जिला सपाट म्हणतो ती जमीनही उतरतच गेलेली आहे. आठ किलोमीटर सरळ पुढे गेले, तर तेवढ्यात पृथ्वीची पाठ सुमारे पाच मीटर खाली वाकलेली असते. आणि हातातून सुटलेली वस्तू पहिल्या सेकंदात सुमारे पाच मीटरच खाली येते. वाऱ्याचा आणि डोंगरांचा अडथळा नाही असे धरा. मग कोणी खडा एका सेकंदात आठ किलोमीटर जाईल इतक्या वेगाने आडवा सोडला, तर तो पाच मीटर पडेल आणि जमीनही पाच मीटर खाली गेलेली असेल. पुढच्या सेकंदाला पुन्हा तेच. खडा पडत राहील. जमीन त्याला मिळणार नाही. स्थानक उंचावर असल्याने तिथे हे आकडे थोडे कमी होतात. गोष्ट तीच राहते. तिथे कोणतेही इंजिन त्याला उचलून धरत नाही. ते पडते आहे आणि त्याचा नेम चुकतो आहे, इतक्या वेगाने की चुकणे कधी संपत नाही.

आमच्या गावातून पारनेर साधारण आठ किलोमीटर आहे. मुलांना ते अंतर पायांनी माहीत असते. म्हणून मी म्हणत असे, गावात सोडलेला खडा एका सेकंदात पारनेरच्या वेशीवर गेला पाहिजे. मुले हसत. त्यांच्या हसण्यात आकडा पक्का बसे. अध्यक्षही त्या वर्गात होता. त्या दिवशी बहुधा खिडकीबाहेर पाहत असावा.

आठ किलोमीटर मी दाखवू शकत नव्हतो. पाच मीटर दाखवू शकत होतो. शाळेमागे पाण्याची उंच टाकी आहे. तिला लोखंडी जिना आहे, आणि जिन्याच्या पहिल्या टप्प्यावर उभा राहिलेल्या माणसाचा हात जमिनीपासून साधारण पाच मीटरवर येतो, हे मी पूर्वी सुतळी सोडून पाहिलेले होते.

सकाळी मी थंड पेयाची मोठी रिकामी बाटली घेतली आणि पोत्याला टाके घालायच्या दाभणाने तिच्या तळाजवळ भोक पाडले. पत्नी पाहत होती. मी कपड्यांची नीळ मागितली.

“नीळ कशाला?”

“पाण्यात घालायला. पाणी दिसलं पाहिजे.”

“आणि बाटली सोडणार कुठून?”

मी बाटलीचे टोपण घट्ट लावले. तिने नीळ दिली, मग दाराआडची काठी आणून माझ्या हातात ठेवली. “टाकीवर चढणार ते कळलं मला. डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलंय. पडलात तर मी उचलायला येणार नाही.”

“पडलो तर भौतिकशास्त्राला धरून पडेन.”

“तेच सांगा नगरच्या डॉक्टरांना,” ती म्हणाली. आणखी दोन रिकाम्या बाटल्यांना तिनेच तशीच भोके पाडली, त्या पिशवीत घातल्या आणि माझ्यामागून चालू लागली.

टाकीखाली अध्यक्ष, मुख्याध्यापिका, पेंटर आणि दोन-तीन शेतकरी उभे होते. मोठ्या वर्गातली मुले कुंपणापाशी होती. मी काठी पत्नीकडे दिली आणि जिन्याला हात घातला. “गुरुजी, मी चढतो, तुमी खालनं सांगा,” असे अध्यक्ष म्हणाला. मी त्याला बाजूला होण्याची खूण केली. दुसऱ्याने चढून दाखवले असते, तरी बाटलीचे काही अडले नसते. माझे अडले असते.

चढायला वेळ लागला.  टप्प्यावर पोहोचल्यावर मी कठड्याला पाठ टेकली, मागून एका मुलाने पिशवी आणि निळीच्या पाण्याची बादली वर आणून दिली, मी बाटली भरली आणि टोपण काढून बाहेर धरली. भोकातून निळी धार सुटली. टाकीच्या पांढऱ्या खांबासमोर ती स्वच्छ दिसत होती.

“धार दिसते?”

“दिसते,” सगळे म्हणाले.

“का पडते?”

“भोक हाय म्हनून,” पेंटर म्हणाला. मुले हसली.

“पृथ्वी पाण्याला ओढते आणि बाटलीला माझा हात अडवून धरतो, म्हणून. आता मी हात काढतो. पाहा.”

मी बाटली सोडली. ती खाली आपटली आणि फुटली.

“काय दिसलं?”

“बाटली फुटली त्ये दिसलं,” अध्यक्ष म्हणाला. मुले पुन्हा हसली. एक म्हातारा शेतकरी म्हणाला, “गुरुजी, एवढं तर आमाला बी येतं.”

एक सेकंद हा फार लहान असतो. हे मला ठाऊक असायला हवे होते. मी दुसरी बाटली भरली.  खुब्यावरचा भार काढण्यासाठी मी कठड्याला अधिक घट्ट टेकलो.

“गुरुजी, उतरा आता,” अध्यक्ष म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. “माझं ऱ्हाऊ द्या. मी हारलो म्हना. उतरा.”

“तुला पटलेलं नाही. मला बक्षिसी नको.”

मुख्याध्यापिकांनी तेवढ्यात मोबाईल काढला. “सर, थांबा. यात हळू चित्रण होतं. आता सोडा.”

मी दुसरी बाटली सोडली. खाली सगळी डोकी मोबाईलवर वाकली. वरून मला फक्त टोप्या आणि केस दिसत होते.  मग पेंटर म्हणाला, “आयला, धार बंद झाली.”

“पुन्हा लावा मॅडम,” अध्यक्ष म्हणाला. त्यांनी पुन्हा लावले. हातात होती तोवर धार होती. हात सुटताच धार तुटली. बाटली भोकासकट, पाण्यासकट खाली आली आणि वाटेत एक थेंबही भोकातून बाहेर आला नाही.

म्हातारा शेतकरी म्हणाला, “मंग पान्याला वजन ऱ्हायलं न्हाई का काय?”

“वजन जाणवायला कोणीतरी अडवावं लागतं. पाणी पडतंय, बाटलीही त्याच चालीनं पडतेय. कोण कोणाला दाबणार? पृथ्वीनं ओढणं थांबवलंय का?”

“थांबवलं आसतं तर बाटली खाली कशाला आली आसती,” तो म्हणाला.

“मग तेच त्या चित्रातल्या माणसाचं. तो पाणी. स्थानक बाटली.”

“पर ही बाटली सरळ खाली आली,” अध्यक्ष म्हणाला. तो आता वाद घालत नव्हता, विचारत होता. “त्यो मानूस तर फिरतोय.”

तिसरी बाटली मी त्यासाठीच ठेवली होती. ती मी सरळ खाली न सोडता बाहेरच्या बाजूला आडवी फेकली. अध्यक्ष मान वर करून पाहत होता. बाटली पुढे कुठे उतरणार याचा हिशेब त्याने केला नव्हता. ती त्याच्या पायाशी फुटली आणि पांढरा शर्ट निळा झाला. मुलांनी कुंपण डोक्यावर घेतले. माझी पत्नी पदर तोंडाला लावून हसली.

“धार?” मी वरून विचारले.

मुख्याध्यापिका मोबाईल पाहत होत्या. “नाही सर. आडवी गेली तरी बंदच आहे.”

“ही आडवी गेली आणि पडलीही. तुझ्यापर्यंत आली. मध्ये जमीन आली नसती, तर पुढे गेली असती. अजून जोरात फेकली असती, तर गावाबाहेर. माझ्या हातात एका सेकंदात पारनेर गाठायचा जोर असता, तर ती अजून पडतच असती आणि तुझा शर्ट वाचला असता.”

त्याने शर्टकडे पाहिले, मग वर माझ्याकडे पाहिले. “पटलं,” तो म्हणाला. “आता उतरा, नायतर मी वर येतो.”

उतरताना त्याने खालून माझे पाय एकेका पायरीवर ठेवून दिले. मी नको म्हणालो नाही.

पेंटरने त्याच दुपारी जुन्या वाक्यावर पांढरा हात मारला. मी नवे वाक्य कागदावर लिहून दिले: ‘अंतराळवीर आणि त्यांचे यान दोन्ही पृथ्वीकडे सतत पडत असतात. त्यांचा आडवा वेग इतका असतो, की ते पडत राहतात पण पृथ्वीवर पोहोचत नाहीत. एकत्र पडत असल्यामुळे ते तरंगताना दिसतात.’

पेंटरने कागद पाहिला, भिंत पाहिली, पट्टी लावली. “गुरुजी, बसत न्हाई.”

“अक्षर बारीक कर.”

“बारीक केलं तर पोरांला फाटकापासनं दिसनार न्हाई. वर चित्र हाय. खाली तुमचं नाव हाय. मधी एवढीच जागा.”

अध्यक्ष शर्ट बदलून आला होता. “मंग वाक्य कमी करा. ‘सतत’ काढा.”

“मग एकदाच पडतात असं वाटेल.”

“‘आडवा’ काढा.”

“मग वेग कुठल्या दिशेचा?”

“‘एकत्र’ तरी?”

“धार कशामुळे बंद झाली?”

त्याने कागद मुख्याध्यापिकांच्या हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि एकही शब्द न खोडता परत दिला. खोटे वाक्य एका ओळीत बसले होते. खऱ्याला अधिक जागा लागत होती, आणि भिंत तेवढीच होती.

“नाव खोड,” मी पेंटरला म्हणालो.

“न्हाई,” अध्यक्ष म्हणाला. “गुरुजी, तुमचं वाक्य मी मान्य केलं. ह्ये करनार न्हाई. ही भिंतच त्या नावासाठी हाय. पोरं इचारतील, मी काय सांगू?”

“वाक्य बदललं की नाव राहील, असं मी म्हणालो नव्हतो.”

“तसंच ठरलं हुतं!”

“मी ठरवलं होतं ते एवढंच, की खोटं वाक्य आणि माझं नाव एकत्र राहणार नाही. आता नवं वाक्य आणि नाव यांतलं एकच बसतंय. तूच सांग कोणतं ठेवायचं. मुलं कोणतं वाचायला शाळेत येतात?”

 “तुमी तेव्हाबी आसंच हुता,” तो भिंतीकडे पाहत म्हणाला. “अर्धा मार्क बी सोडत न्हाई.” त्याने पेंटरला मान हलवून खूण केली आणि पाठ फिरवून फाटकाबाहेर गेला. त्याला वाईट वाटले होते. ते मला दिसले. पण वाक्यातला एकही शब्द त्यासाठी कमी करता आला नसता.

पेंटरने माझ्या नावावरून ब्रश फिरवला. दोन हात द्यावे लागले. पहिल्या हातातून अक्षरे दिसत होती. मग त्याने ती तीन वाक्ये मोठ्या, सुबक अक्षरांत उतरवली. काम संपेपर्यंत मी उन्हात उभा राहिलो. पत्नीने दोनदा बोलावणे पाठवले. मी गेलो नाही. ‘आडवा’ हा शब्द लिहून होईपर्यंत माझा कोणावर भरवसा नव्हता.

सव्वीस जानेवारीला पडदा सरकला. अधिकाऱ्यांनी भिंत वाचली आणि वाक्य जरा मोठे झाले आहे, असे म्हटले. मी हो म्हणालो. शाल मी घेतली नाही. नारळ पत्नीने घेतला. अध्यक्षाने भाषण केले आणि त्यात माझा उल्लेख केला नाही. ते त्याने बरोबर केले.

कार्यक्रम संपल्यावर मी भिंतीपाशी एकटाच उभा होतो. पेंटर आपल्या शिड्या टेम्पोत चढवत होता. त्याचे पुढचे काम जामखेडकडे होते, तिथल्या शाळेलाही अंतराळवीर हवा होता.

“तिथे कोणतं वाक्य लिहिणार?” मी विचारले.

“मोबाईलात आसंल त्ये,” तो म्हणाला. मग त्याच्याही लक्षात आले. शिडी खाली ठेवून त्याने मोबाईल काढला आणि भिंतीसमोर धरला.

“गुरुजी, जरा बाजूला व्हा. तुमची सावली येतीय वाक्यावर.”

मी बाजूला झालो.